थायरॉइड न्यूनता : तपासणी अहवाल आणि वैद्याचे तारतम्य

अंगगौरव, अनुत्साह, मलावष्टंभ, त्वचेचे रौक्ष्य, केशपतन, थंडी सहन न होणे, आर्तवदुष्टी अशी लक्षणे घेऊन येणाऱ्या रुग्णांत, विशेषतः स्त्रियांत, थायरॉइडची न्यूनता वारंवार आढळते. यांपैकी बहुतेकजणी हाती प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन येतात आणि विचारतात, "डॉक्टर, ही रोजची गोळी सुटेल ना?" आपण काय उत्तर देतो, यावर त्यांचे पुढील स्वास्थ्य अवलंबून असते.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या ११व्या अध्यायात गलगंडाचे वर्णन केले आहे. परंतु गळ्यास सूज नसतानाही ग्रंथीचे कार्य मंदावलेले असू शकते. म्हणून गलगंड व थायरॉइड न्यूनता यांना पर्यायवाची मानणे युक्त नाही. धात्वग्निमांद्य, कफवृद्धी आणि स्रोतोरोध या अंगाने विचार केल्यास लक्षणांची संगती लागते.

अहवालाचे वाचन

टी.एस.एच. हा पीयूषिका ग्रंथीचा स्राव थायरॉइडला कार्यप्रवृत्त करतो. थायरॉइड मंद झाली की तो वाढतो. प्रौढांत त्याची मर्यादा साधारणतः ०.४ ते ४ मिलीयुनिट प्रति लिटर असते. प्रयोगशाळेनुसार तीत थोडा फरक पडतो. टी.एस.एच. वाढलेला व फ्री टी-४ कमी असल्यास न्यूनता स्पष्ट होय. टी.एस.एच. किंचित वाढलेला, पण फ्री टी-४ प्राकृत असल्यास दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करूनच निष्कर्ष काढावा. पीयूषिकेचाच विकार असल्यास फ्री टी-४ कमी असूनही टी.एस.एच. प्राकृत दिसू शकतो. तेथे एकट्या टी.एस.एच.वर विसंबू नये. अँटी-टी.पी.ओ. प्रतिद्रव्ये आढळल्यास जपानी शल्यचिकित्सक हाशिमोटो यांनी १९१२ साली वर्णिलेल्या व्याधीची शक्यता असते.

गोळीची मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच टी.एस.एच. पाहावा, पंधरा दिवसांतील आकडा दिशाभूल करतो. केसांसाठी अधिक मात्रेत बायोटिन चालू असल्यास काही पद्धतींत अहवाल चुकीचा येतो. ते किमान दोन दिवस आधी थांबवावे.

आपल्या औषधांचा संबंध

थायरॉक्सिन सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यावे आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ नये. लोह व कॅल्शियम यांमुळे त्याचे शोषण घटते. आपल्या व्यवहारातील लोहकल्प, मंडूर, शंखभस्म, प्रवाळ यांत हीच द्रव्ये असतात. ती गोळीसोबत दिली गेल्यास टी.एस.एच. वाढू शकतो आणि गोळीची मात्रा विनाकारण वाढवली जाते. म्हणून किमान चार तासांचे अंतर ठेवावे आणि रुग्णास ते लिहून द्यावे. अश्वगंधेच्या सेवनानंतर थायरॉइडचे स्राव अतिरिक्त वाढल्याची उदाहरणेही नोंदली गेली आहेत. ती योजल्यास हृत्स्पंदन, कंप, निद्रानाश यांकडे लक्ष ठेवावे.

दीपन-पाचन, मलशुद्धी, व्यायाम, दिवास्वापवर्जन यांनी रुग्णाचे गौरव व मलावष्टंभ कमी होतो, असा आमचा अनुभव आहे. परंतु बरे वाटणे म्हणजे ग्रंथी पूर्ववत झाली, असे समजू नये. ज्यांची ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली आहे, त्यांची गोळी बंद करणे प्राणावर बेतू शकते. गर्भिणीच्या बाबतीत तर गर्भाच्या मेंदूची वाढ प्रारंभीच्या महिन्यांत मातेच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते. त्या काळात बहुधा मात्रा वाढवावी लागते. "औषध गरम पडते" या समजुतीने ती गोळी टाकते आहे काय, हे प्रत्येक भेटीत विचारावे.

तेव्हा रुग्णाच्या प्रश्नास आमचे उत्तर असे : "बाई, गोळी चालू ठेवा, मात्रा कमी करायची की नाही, ते तपासणी पाहून तुमच्या तज्ज्ञांशी बोलून ठरवू. तोवर अग्नी आणि दिनचर्या सांभाळण्याचे काम आपण दोघांनी करायचे." या उत्तराने रुग्णाची फसवणूक होत नाही, आणि आयुर्वेदावरील तिचा विश्वासही टिकतो.