छर्‍यांचा चेंडू आणि दुप्पट रन

पालघर-बोईसरच्या पट्ट्यात अंडरआर्म क्रिकेट कुणाला शिकवावं लागत नाही. भातकापणी उरकून शेतं मोकळी झाली की गावोगावी टुर्नामेंट लागतात, माइकवरची कॉमेंट्री दुसऱ्या पाड्यापर्यंत ऐकू जाते. याच अंडरआर्म बॉलिंगवर दृष्टिहीनांचं क्रिकेट उभं आहे, आणि त्यात भारताने अनेकदा विश्वचषक जिंकलाय.

त्याची सुरुवात १९२२ साली मेलबर्नमध्ये झाली. एका कारखान्यातल्या दोन दृष्टिहीन कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे भरले आणि तोच चेंडू केला. तारापूर एमआयडीसीत पाळी संपवून मैदानावर जाणाऱ्यांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. आताचा चेंडू कडक प्लास्टिकचा असतो, आत लोखंडी छर्रे.

बॉलर आधी विचारतो, "रेडी?" बॅट्समन "येस" म्हणतो. मग चेंडू सोडता सोडता बॉलरने "प्ले" असं ओरडायचं; ते वेळेवर आलं नाही तर नो-बॉल. चेंडूचा टप्पा खेळपट्टीच्या मध्यरेषेअलीकडे पडलाच पाहिजे. तिथून तो खुळखुळत, सरपटत येतो. त्यामुळे बॅट्समन गुडघा टेकतो, बॅट आडवी धरतो आणि जमिनीलगत झाडू मारावा तसा स्वीप मारतो. स्टंप धातूचे असतात. बोल्ड झाला की सगळ्यांना ऐकू येतं.

खरं डोकं लावलंय ते संघ बांधणीत. अजिबात न दिसणारे बी-१, अगदी अंधुक दिसणारे बी-२ आणि त्याहून थोडं बरं दिसणारे बी-३. अकरा जणांत किमान ४ बी-१ हवेतच. बी-१ ने काढलेला प्रत्येक रन दुप्पट धरतात, त्याच्यासाठी धावायला रनर असतो, आणि त्याने एक टप्पा पडलेला कॅच घेतला तरी बॅट्समन आउट. निदान ४० टक्के ओव्हर बी-१ बॉलरनीच टाकायच्या. याला सवलत म्हणणं मला पटत नाही. या नियमांमुळे कुठल्याही कॅप्टनला बी-१ खेळाडू कोपऱ्यात उभा करून मॅच काढता येत नाही. ज्याला सगळ्यात कमी दिसतं, त्याच्यावर निकाल ठरतो. इतका न्याय्य नियम दुसऱ्या खेळात मी पाहिलेला नाही.

पहिला विश्वचषक १९९८ साली दिल्लीत झाला, तो दक्षिण आफ्रिकेने नेला. पुढे २०१४ आणि २०१८ चे एकदिवसीय चषक भारताचे. २०१२, २०१७ आणि २०२२ चे टी-२० चषकही आपलेच. २०१२ चा कर्णधार शेखर नाईक याला २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी कोलंबोत महिलांच्या पहिल्यावहिल्या टी-२० विश्वचषकाच्या फायनलमध्ये भारताने नेपाळला ७ विकेटनी हरवलं. त्या संघाची उपकर्णधार महाराष्ट्राची गंगा कदम.

या खेळात प्रेक्षकांचंही एक काम असतं. चेंडू चालू असताना गप्प राहायचं, टाळ्या तो थांबल्यावर. शेजारून मालगाडी किंवा डंपर गेला तरी बी-१ फिल्डरचा चेंडू हरवतो, मग डीजेचं तर बोलायलाच नको.

म्हणून इथल्या मंडळांना आणि कंपन्यांना विनंती आहे. क्रिकेट असोसिएशन फॉर द ब्लाइंड इन इंडिया ही संघटना देशभर हा खेळ चालवते. तिच्याशी बोला, एक प्रदर्शनीय सामना मागा. दृष्टिहीन मुलं असलेल्या घरांना आधी निरोप द्या, त्यांना पुढच्या रांगेत बसवा, मुलांच्या हातात तो चेंडू द्या. यंदाच्या टुर्नामेंटचं पत्रक छापताना एक सकाळ या सामन्यासाठी राखून ठेवा, आणि त्या सकाळी स्पीकर लावू नका.