पोटखराब्यातील वनसंपदा

सात-बाराच्या उताऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून लागवडीस अयोग्य असे क्षेत्र दाखविले जाते. सह्याद्रीपासून पूर्वेकडे पसरलेल्या डोंगररांगांतील कातळ व खडकाळ उतार यांची गणना या ना त्या नावाने अशाच जमिनीत होते. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही उजाड खडकाळ क्षेत्राचा वेगळा वर्ग आहे. महसुलाच्या दृष्टीने ही नोंद योग्यच म्हटली पाहिजे, कारण तेथे ज्वारी पिकत नाही. परंतु ‘उजाड’ हा शब्द कागदावरून योजना आखणाऱ्याच्या मनात उतरतो आणि अशी जागा म्हणजे काहीतरी लावण्यासाठी किंवा खणण्यासाठी मोकळी पडलेली जागा, असा समज रूढ होतो. तो समज तपासून पाहणे अगत्याचे आहे.

दख्खनचा काळा खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तयार झाला. त्यांतील कठीण थर उभे कडे होऊन टिकतात, तर मऊ थर झिजून त्यांचे उतार बनतात. म्हणूनच आपले डोंगर दुरून पायऱ्या रचल्यासारखे दिसतात. या पायऱ्यांवर माती साठते ती फटींत आणि खाचांत, कोठे बोटभर तर कोठे वीतभर. पावसाचे पाणी पडता क्षणीच वाहून जाते. दोन सरींच्या मध्ये चार दिवस ऊन पडले तर भर श्रावणातही खडकावरील झाडाला दुष्काळ सोसावा लागतो. पुढे आठ महिने कोरडे जातात आणि वैशाखात तर कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही.

अशा जागी पहिली वस्ती करते ते दगडफूल. आपल्या मसाल्यात पडणाऱ्या दगडफुलाचेच हे भाईबंद. शैवाल आणि बुरशी यांच्या सहजीवनातून बनलेले हे जीव खडकाला चिकटून राहतात व अत्यंत सावकाश त्याचा पृष्ठभाग झिजवितात. त्यामागून शेवाळी येतात आणि त्यांच्या आधाराने धूळ साठली की नेचे व बारीक गवते रुजतात. यांतील काही वनस्पतींचा गुण विलक्षण आहे. पाणी संपले की त्या पूर्णपणे सुकतात, पाने चुरगळून करडी होतात, आणि पाहणारा त्यांना मेलेल्या समजतो. पहिल्या पावसानंतर मात्र तीच सुकलेली पाने पुन्हा हिरवी होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी पश्चिम घाटातून अशा ६२ जातींची नोंद अलीकडे केली आहे. पाण्याच्या ताणातही तगणारी पिके निर्माण करू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांना या जातींविषयी औत्सुक्य वाटणे स्वाभाविक आहे. ज्याला आपण वाळलेली काडी म्हणून पायाखाली तुडवितो, ते संशोधनाचे साधन आहे.

दुसरा मार्ग पाणी साठवून ठेवण्याचा. त्रिधारी निवडुंग हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. (बांधाबांधावर दिसणारा फड्या निवडुंग मात्र मूळचा अमेरिकेतील, तो आपल्या कातळाचा रहिवासी नव्हे.) बहुतेक वनस्पती दिवसा आपली पर्णरंध्रे उघडून हवेतील कार्बन वायू घेतात, पण त्याबरोबर पाणीही गमावतात. निवडुंगासारख्या मांसल वनस्पती ही रंध्रे रात्री उघडतात, वायू आम्लाच्या रूपाने साठवितात आणि दिवसा दारे लावून त्यापासून अन्न तयार करतात.

शिंदळ माकुडी ही या दोन्ही पद्धती पाळते, आणि ती केवळ महाराष्ट्रातच आढळते. शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड अशा किल्ल्यांच्या कड्यांवर तिची नोंद झालेली आहे. डॅल्झेल या वनाधिकाऱ्याने १८६० च्या दशकात तिचे शास्त्रीय वर्णन करून तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचे नाव तिला दिले. पावसाळ्यात तिच्या मांसल खोडावर साधी पाने येतात व ती इतर झाडांप्रमाणे दिवसा वायू घेतात. पाऊस सरला की पाने गळतात आणि रात्री रंध्रे उघडणाऱ्या खोडावर ती तग धरते. एकाच झाडातील ही विभागणी १९७७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिली. खोडाच्या तुकड्यापासून कुंडीत ती सहज वाढते. दुर्मीळ आहे ती कड्यावर.

हिच्याच कुळातील कंदीलपुष्पे कंदाच्या रूपाने जमिनीत दडून उन्हाळा काढतात. त्यांच्या कंदिलासारख्या फुलात शिरलेली लहानशी माशी आतील खालच्या दिशेने वळलेल्या केसांमुळे अडकून पडते. केस कोमेजले की परागांसह तिची सुटका होते. हरिश्चंद्रगडाच्या परिसरात यांची एक अत्यंत दुर्मीळ जात आहे. गुराख्यांनी कंद उकरून खाणे हा जुना प्रघात असून, झाडे थोडी असतील तेथे त्याने हानी होते. वृक्षांपैकी कांडोळ व सालई खडकात मुळे घुसवून उभे राहतात. पांढऱ्या सालीचा निष्पर्ण कांडोळ चांदण्यात भुतासारखा दिसतो, यावरूनच त्याला भुताचे झाड म्हणतात.

ही वनश्री विरळ का, याचे उत्तर आता सोपे आहे. दोन झुडपांमधील उघडा खडक हे त्यांचे पाणलोट क्षेत्र असते. त्यावरील पाणी वाहत फटीत जाते व त्यावर फटीतील झाड जगते. म्हणजे जागा रिकामी राहिलेली नसून भरलेलीच आहे.

वृक्षलागवडीचा विचार याच ठिकाणी करावा लागतो. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले होते. एवढ्या मोठ्या कामात गावोगावच्या गायरान टेकड्या पुढे येणे अपरिहार्यच. ज्या उतारावर पुरेशी माती आहे तेथे सलग समतल चर आणि लागवड यांचा लाभ निर्विवाद आहे. उघड्या कातळावर मात्र खड्डा घ्यायचा म्हणजे फटीतील माती बाहेर काढायची. रोपे बहुधा उन्हाळ्यात मरतात, मोकळी झालेली माती वाहून जाते, आणि मूळचे गवतही उरत नाही. गिरिपुष्पासारखे परदेशी झाड जगलेच, तर त्याच्या सावलीत उन्हाची सवय असलेल्या वनस्पती टिकत नाहीत. मुरूम-दगडाच्या खाणी व वणवे यांची हानी याहून मोठी, पण ती निदान हानी म्हणून ओळखली जाते.

उपाय खर्चाचा नाही. कामाचा आराखडा करण्यापूर्वी पहार घेऊन उतारावर दहा-वीस ठिकाणी मातीची खोली पाहावी. पहार वीतभरातच खडकाला लागली तर तो पट्टा खड्ड्यांच्या यादीतून वगळावा. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. त्या नोंदवहीत कातळाला वेगळे पान द्यावे. शाळेतील मुले व गुराखी यांना बरोबर घेऊन ही पाहणी करता येईल. ती उन्हाळ्यात केल्यास पान कोरेच राहील. कंदीलपुष्पे श्रावण-भाद्रपदात दिसतात, गवते आश्विनात फुलोऱ्यावर असताना ओळखता येतात, आणि कांडोळाचा मोहोर पाने गळाल्यावर हिवाळ्यात येतो. तेव्हा वर्षातून किमान तीन फेऱ्या कराव्या लागतील.