पंक्तीतला मित्र : हॉलंड आणि युरोपचे सामाईक परराष्ट्र धोरण

इस्राएलविषयी युरोपातून एखादे संयुक्त पत्रक प्रसिद्ध झाले की आपल्या घरांतून आणि सिनेगॉगच्या अंगणातून एक प्रश्न हमखास कानी पडतो : हे लोक आपले मित्र की शत्रू? प्रश्न साधा आहे, उत्तर तितके साधे नाही. ज्या पत्रकाखाली अनेक राष्ट्रांची नावे असतात, त्यात प्रत्येकाचे स्वतःचे मत किती आणि इतरांसाठी त्या मताला घातलेली मुरड किती, हे वरवर वाचून कळत नाही. म्हणून हॉलंड, म्हणजेच नेदरलँड्स, या लहानशा देशाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

डच लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. सतराव्या शतकात कोकणात वेंगुर्ल्यास त्यांची वखार होती. १६६३ साली त्यांनी पोर्तुगीजांकडून कोचीन घेतले आणि तेथील यहुदी बांधवांची छळातून सुटका झाली. मात्र इतिहासाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. १९४० मध्ये नाझींनी हॉलंड व्यापले तेव्हा तेथे सुमारे १ लाख ४० हजार यहुदी होते. त्यांपैकी १ लाखाहून अधिकांचा संहार झाला. महायुद्धानंतर डच जनतेला इस्राएलविषयी जी आस्था वाटू लागली, तिच्यात या आठवणीचा वाटा मोठा होता.

युरोपीय समुदायातील राष्ट्रांनी १९७० पासून परराष्ट्र व्यवहारात एकमेकांशी विचारविनिमय करून शक्यतो एका सुरात बोलण्याची प्रथा सुरू केली. मध्यपूर्वेच्या बाबतीत हा सूर जुळणे कठीण होते. सुरक्षा समितीच्या १९६७ च्या २४२ व्या ठरावातील एका लहानशा शब्दावरून मतभेद होते. इंग्रजी मसुद्यात व्याप्त 'प्रदेशांतून' माघार घ्यावी असे मोघम म्हटले आहे. फ्रेंच मसुद्यावरून ते 'सर्व' प्रदेश असा अर्थ काढता येतो. आपल्या मराठीत असले उपपदच नाही. पण हिब्रू शिकताना 'हा' या उपपदाने आपल्याला किती सतावले, हे वाचकांना आठवत असेल. फ्रान्सचा कल दुसऱ्या अर्थाकडे होता, तर हॉलंडचा इंग्रजी मसुद्याकडे.

ऑक्टोबर १९७३ मध्ये योम किप्पूरच्या, आपल्या वडीलधाऱ्यांच्या भाषेत दारफाळणीच्या, दिवशी युद्ध पेटले आणि या मैत्रीची परीक्षा झाली. अरब तेल-उत्पादक राष्ट्रांनी अमेरिकेबरोबर हॉलंडचाही तेलपुरवठा तोडला. फ्रान्स व ब्रिटन यांची गणना मात्र त्यांनी मित्रराष्ट्रांत केली. ४ नोव्हेंबरपासून हॉलंडमध्ये रविवारी मोटारी चालविण्यास बंदी झाली. ओस पडलेल्या हमरस्त्यांवरून लोक सायकलींनी फिरू लागले. आणि दोनच दिवसांनी, ६ नोव्हेंबरला, नऊ राष्ट्रांच्या संयुक्त निवेदनावर हॉलंडनेही संमतीची मोहोर उठविली. इस्राएलने १९६७ पासून व्यापलेला ताबा सोडावा आणि पॅलेस्टिनी जनतेचे न्याय्य हक्क लक्षात घ्यावेत, असे त्यात म्हटले होते. प्रत्येक राष्ट्राच्या सुरक्षिततेचाही त्यात उल्लेख होता. पण इस्राएलमध्ये ते निवेदन तेलासाठी टेकलेल्या गुडघ्यांसारखे वाटले.

त्या वेळी पडद्याआड काय चालले होते? डच संरक्षणमंत्री हेंक फ्रेडेलिंग यांनी युद्धकाळात, संपूर्ण मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता, इस्राएलला लष्करी साहित्य पाठविण्यास संमती दिली होती. ही गोष्ट पुढे उघड झाली. तिकडे पंतप्रधान योप डेन औल यांचे सरकार सहकारी राष्ट्रांना बजावीत होते, की एकाच पंक्तीला बसलो असताना एकाचे पान रिकामे ठेवणे शोभत नाही. डच नैसर्गिक वायूवर शेजाऱ्यांच्याही चुली पेटत होत्या, याचीही आठवण त्यांना देण्यात आली. अखेर तेल कंपन्यांनीच टंचाईचा भार सर्वांवर वाटून टाकला. हॉलंडवरील बंदी जुलै १९७४ मध्ये उठली.

याहून मोठे काम मॉस्कोत चालू होते. १९६७ मध्ये सोव्हिएत रशियाने इस्राएलशी संबंध तोडले, तेव्हापासून दोन दशकांहून अधिक काळ तेथील डच वकिलातीने इस्राएलचे काम पाहिले. रशियातील यहुद्यांना इस्राएलचे व्हिसा तेथूनच मिळत. अश्दोद, बेर-शेवा, लोद येथील आपल्या कित्येक शेजाऱ्यांचा मायदेशी येण्याचा मार्ग त्या दारातून गेला. १९७३ च्या निवेदनानंतर ते दार बंद झाले नाही. १९८० मध्ये जेरुसलेमविषयीचा कायदा व सुरक्षा समितीचा ठराव यांनंतर हॉलंडने आपली वकिलात जेरुसलेमहून तेल अवीवला हलविली; त्या वर्षी व्हेनिसच्या घोषणापत्रातही ते राष्ट्र सामील होते. तरीही मॉस्कोतील दार उघडेच राहिले.

१९९२ साली मास्ट्रिख्ट या डच शहरातच सामाईक परराष्ट्र धोरणाचा करार झाला. त्यातील महत्त्वाच्या निर्णयांना एकमत लागते, त्यामुळे लहान राष्ट्रही मोठ्यांना थांबवू शकते. १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे डच शांतिसैनिक असताना हजारो बोस्नियाई मुसलमान पुरुष व मुलगे मारले गेले. या प्रकरणाच्या अहवालानंतर २००२ मध्ये डच सरकारने राजीनामा दिला. पुढे सर्बियाशी करार करण्यास इतर राष्ट्रे उत्सुक असता, युद्धगुन्हेगारांना हेगच्या न्यायालयाच्या हवाली करण्यात पूर्ण सहकार्य हवे, असा हट्ट हॉलंडने वर्षानुवर्षे धरला. ज्याला स्वतःच्या हातून घडलेली चूक सलते, तो असा हट्ट धरतो.

मे २०२५ मध्ये याच राष्ट्राचे परराष्ट्रमंत्री कास्पर फेल्डकाम्प, जे पूर्वी इस्राएलमध्येच राजदूत होते, यांनी गाझातील परिस्थितीवरून इस्राएलबरोबरच्या युरोपीय कराराची फेरतपासणी मागितली. २७ पैकी १७ राष्ट्रांनी त्यांना पाठिंबा दिला. ऑगस्टमध्ये, अधिक कठोर उपायांना मंत्रिमंडळाची संमती मिळेना, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. आपल्यातील पुष्कळांना याचे दुःख झाले. ते स्वाभाविक आहे. ज्यांची मुले सैन्यात आहेत त्यांना ही चर्चा अलिप्तपणे करता येत नाही.

तरीही आमची नम्र सूचना अशी, की एका पत्रकावरून कोणाला मित्र वा वैरी ठरवू नये. पंक्तीला बसलेल्याला पंक्तीचे नियम पाळावे लागतात. १९७३ ची सही त्यातलीच. त्याच हाताने मॉस्कोत व्हिसाही दिले, हे आपण लक्षात ठेवावे. आणि ज्याने अडचणीच्या वेळी दार उघडे ठेवले, त्याने पुढे कधी कडू शब्द ऐकविला, तर रागावण्यापूर्वी तो एकदा नीट ऐकून घ्यावा. पटला नाही, तर उत्तर देण्यास आपण मोकळे आहोतच.