भंडारा कपाळाला हवा, सेन्सरला नको!

लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत खंडोबावर भंडारा उधळला जातो, तेव्हा फोटो झकास येतात. पण त्याच गर्दीत लेन्स बदलली की हळद थेट कॅमेऱ्यात! मग घरी येऊन पाहावं, तर निळ्या आकाशात काळपट ठिपके.

घाबरू नका. धूळ सेन्सरवर बसतच नाही. सेन्सरपुढे फिल्टरची पातळ काच असते, ठिपके तिच्यावर असतात.

शोधायचे कसे? लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते मिळतात, तोच आकडा लक्षात ठेवा. ॲपर्चर एफ/१६ ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. एफ/२.८ला प्रकाश रुंद छिद्रातून नाना कोनांनी येतो आणि धुळीची सावली विरून जाते. छिद्र बारीक केलं की तीच ठसठशीत उमटते.

खरी गंमत पुढे. लेन्स प्रतिमा उलटी पाडते. फोटोत डाग वर डावीकडे असेल, तर कॅमेरा सरळ धरून समोरून पाहिल्यावर कण खाली डावीकडे सापडतो. वरचं खाली, पण डावं डावंच!

ऑलिंपसने २००३ साली ई-१ कॅमेऱ्यात अल्ट्रासॉनिक कंपनांनी धूळ झटकायची सोय आणली. तुमच्या कॅमेऱ्यात ती असेल तर आधी तीच चालवा.

मग रबरी ब्लोअर. पंखा बंद, बॅटरी फुल. डीएसएलआर असेल तर मेनूतून सेन्सर क्लीनिंग निवडा, म्हणजे आरसा वर जाऊन थांबतो. कॅमेऱ्याचं तोंड खाली करा आणि ब्लोअर कुठेही न टेकवता हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. डब्यातली दाबाची हवाही नको, तिच्यातला द्रव काचेवर उडतो. बहुतेक वेळा काम इथेच भागतं.

हळद मात्र चिवट! तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. त्यासाठी सेन्सरसाठीचंच मिथेनॉलचं द्रावण आणि मापाचा स्वॅब घ्या : एपीएस-सीला साधारण १६ मिमी, फुल फ्रेमला २४. दोन थेंब टाका, एकदा इकडून तिकडे, स्वॅब पालटून तिकडून इकडे, की तो फेकून द्या. मिथेनॉल विषारी आणि पटकन पेट घेणारं. मुलांपासून आणि गॅसपासून लांब ठेवा.

कानात घालायचा इअरबड? मुळीच नाही. त्याच्या कापसाचे तंतू सुटतात आणि नवा कचरा होतो.

दोन स्वॅब वापरूनही डाग हलला नाही, तर घासत बसू नका. सर्व्हिस सेंटरला द्या. काचेवरचा ओरखडा कुठल्याच द्रावणाने जात नाही.