वात्सात्कोसाहेबांचं प्राग

१९७० साली चेकोस्लोव्हाकियातल्या चित्रपटगृहांत ‘प्येनिच्का आ पराप्लीच्को’ लागला. या नावाचा सरळ अर्थ ‘वटवट्या पक्षी आणि छोटी छत्री’. असं नाव ऐकून गुन्हेगारीपट कुणाच्या मनात येणार नाही, पण आहे तो पोलीस आणि चोरांचाच. काळ पहिल्या महायुद्धानंतरचा, शहर प्राग, सूर विनोदी. त्यातली पोलीसमंडळी प्रेक्षकांच्या आधीपासून ओळखीची होती, कारण १९६८-६९मधल्या ‘प्राग शहरातली पापी माणसं’ या १३ भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेतून ती घराघरांत पोचली होती. दिग्दर्शक यिर्झी सेक्वेन्स यांनी तोच संच घेऊन १९७० आणि १९७१ या दोन वर्षांत चार चित्रपट केले. लोकप्रिय मालिकेच्या पुण्याईवर काढलेला चित्रपट म्हटला की त्याला चार घटकांची करमणूक म्हणून बाजूला ठेवायची आपली सवय असते. करमणूक तर ती आहेच. मात्र ती ज्या कल्पनेवर उभी आहे, ती १९७०च्या प्रागमध्ये मुळीच हलकीफुलकी नव्हती. सरकारी माणसाच्याही अधिकाराला हद्द असते आणि तो ती पाळतो, एवढीच ती कल्पना.

या सगळ्याचं मूळ लेखक यिर्झी मारेक यांच्या गुन्हेकथांत आहे. त्यांचा पहिला संग्रह १९६८ सालचा. दोन महायुद्धांमधल्या प्राग पोलिसांचा चौथा विभाग, बोलीभाषेत ‘च्तिर्झ्का’ म्हणजे चौकडी किंवा चौथी, हे त्यांचं जग. विभागाचे प्रमुख वात्सात्कोसाहेब, आणि हाताखाली बोउशे, ब्रूझेक, म्राझेक हे डोक्यावर गोल टोप्या चढवून फिरणारे निरीक्षक. वात्सात्को हे पात्र प्रागच्या गुन्हे पोलिसांचे खरोखरीचे प्रमुख योसेफ वान्यासेक यांच्यावर बेतलेलं आहे. या मंडळींचं काम शेरलॉक होम्सच्या पद्धतीचं नाही. राखेचा कण पाहून ते निष्कर्ष काढत नाहीत. त्यांना माणसं माहीत असतात. कुठला तिजोरीफोड्या कुठल्या गुत्त्यात बसतो, कुणाचं कुणाशी बिनसलंय, कोण नुकताच तुरुंगातून सुटलाय, हीच त्यांची विद्या. चोरही आपल्या धंद्याचा मान राखून असतात: पकडले गेले की थयथयाट न करता साहेबांना नमस्कार करतात. खून मात्र दोन्ही बाजूंना नामंजूर. खुनी शोधायचा असेल तर अख्खं चोरजग पोलिसांच्या मदतीला येतं. विनोद निघतो तो याच अलिखित करारातून. पोलिसांच्या बावळटपणातून नव्हे. बोउशेची भूमिका करणारे फ्रान्तिशेक फिलिपोव्स्की हे फ्रेंच विनोदी नट लुई द फ्युनेसचा चेक आवाज म्हणूनही घरोघरी माहीत होते. इतका हुकमी विनोदवीर हाताशी असताना सेक्वेन्स त्याला माकडचेष्टा करू देत नाहीत, हे मला विशेष वाटतं.

आता वर्ष लक्षात घ्या. २१ ऑगस्ट १९६८ रोजी वॉर्सा कराराच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या, आणि पुढच्या दोन वर्षांत सुधारणांचं पर्व मोडीत काढून ज्याला तिथे ‘सामान्यीकरण’ म्हणतात ते सुरू झालं. माणसं नोकऱ्यांवरून काढली गेली, चित्रपट कपाटात गेले. त्याच १९७० साली कारेल काख्यन्या यांचा ‘उखो’ तयार झाला. एक उपमंत्री आणि त्याची बायको रात्री घरी परततात आणि आपल्या घरात चोरून ऐकणारी यंत्रं बसवलेली आहेत हे त्यांना कळतं, अशी त्याची कथा. राजवट बदलेपर्यंत तो चित्रपट लोकांना पाहता आला नाही. हे दोन चित्रपट शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं. एकात घराच्या भिंतींनाही कान आहेत; दुसऱ्यात पोलीस दारावर टकटक करून, टोपी हातात घेऊन आत येतो. पहिल्यावर बंदी आली, दुसऱ्याला तिकिटं मिळाली. पण सांगायची गोष्ट दोघांची फार वेगळी होती असं मानायला मी तयार नाही. पहिल्याने भीती दाखवली, दुसऱ्याने ती नसलेलं शहर दाखवलं.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा, आणि तो खरा आहे. १९१८ ते १९३८चं पहिलं प्रजासत्ताक काही इतकं गोडगुलाबी नव्हतं. १९३१च्या फेब्रुवारीत दुख्त्सोव्ह इथे सशस्त्र पोलिसांनी बेकारांच्या मोर्चावर गोळीबार केला, त्यात चौघे मेले. १९३३मध्ये ओतिलिये व्रान्स्का या तरुणीच्या देहाचे तुकडे आगगाडीतल्या सुटकेसांमध्ये सापडले आणि तिचा खुनी कधीच मिळाला नाही. अशा गुन्ह्यात चोरांचा शिष्टाचार कुठून शोधणार? तरीही हा आक्षेप चित्रपटाच्या मर्मापर्यंत पोचत नाही. साम्यवादी शाळांमधून हे प्रजासत्ताक भांडवलदारांची राजवट म्हणूनच शिकवलं जात होतं. लोकांना त्याची काळी बाजू सांगायला कुणाची कमतरता नव्हती. त्या बाजूची उलट अतिशयोक्ती पडद्यावर आली, तर तिच्यात इतिहास कमी आणि इच्छा जास्त असणार हे प्रेक्षकालाही कळत होतं. शिवाय मार्वान तिथे होते. वात्सात्को साकारणारे यारोस्लाव मार्वान १९०१ साली जन्मलेले, आणि ३०च्या दशकात व्लास्ता बुरियान या विनोदसम्राटासोबत चित्रपटांत काम केलेले. त्यांचं पडद्यावर असणं हाच त्या काळाचा अर्धाअधिक पुरावा होता.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. हेच सेक्वेन्स पुढे ‘मेजर झेमानचे ३० खटले’ या मालिकेचे दिग्दर्शक झाले. ही मालिका साम्यवादी पोलीसदलाचा उघड प्रचार करणारी. संगीतही दोन्हींकडे झ्देन्येक लिश्का यांचंच. मग वात्सात्कोसाहेबांचा गोडवा म्हणजे पोलीस खात्याला लोकांच्या गळी उतरवण्याची पहिली पायरीच नव्हे काय? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण झेमानच देतो. राजवटीला आपला पोलीस लाडका करायचा होता तेव्हा वात्सात्कोचा साचा तिच्या कामाचा नव्हता. झेमानसमोर चोर नसतात, शत्रू असतात. आणि शत्रूशी टोपी काढून बोलत नाहीत. तोच दिग्दर्शक, तोच संगीतकार, पण करार गेला तसा विनोदही गेला. १९९९मध्ये चेक दूरचित्रवाणीने झेमान पुन्हा दाखवला, तेव्हा राजवटीच्या माजी कैद्यांनी निषेध केला आणि मालिकेसोबत इतिहास समजावणारे कार्यक्रम जोडावे लागले. वात्सात्कोला अशा तळटिपांची गरज लागली नाही.

हा सूर नुसत्या वेशभूषेने येत नाही हेही चेक पडद्यावरच दिसलं. १९७७चा ‘आदेला येश्ते नेवेचेर्झेला’ हाही जुन्या प्रागमधला गुप्तहेरी विनोद, पण ते निखळ विडंबन: अमेरिकी गुप्तहेर निक कार्टर आणि माणसं खाणारी वनस्पती. हसू येतं, जिव्हाळा वाटत नाही. मार्वान १९७४ साली गेले. ८०च्या दशकात दिग्दर्शक अन्तोनीन मोस्कालिक यांनी मारेक यांच्याच कथांवर, त्याच जुन्या पोलीस विभागाची नवी मालिका केली. प्रमुखाच्या खुर्चीत नवा साहेब बसवला, गोल टोप्या तशाच ठेवल्या, गुत्तेही तेच. चोर मात्र आता त्याला केवळ पोलीस म्हणून घाबरत होते.