शिसं, अँटिमनी आणि कथील

निर्णयसागर छापखान्याच्या देखण्या अक्षरांबद्दल आपण त्याचे संस्थापक जावजी दादाजी यांचे गुण गातो, ते योग्यच आहे. पण त्या अक्षरांमागच्या धातूलाही श्रेय द्यायला हवं. छपाईचा खिळा, म्हणजे एकेका अक्षराचा धातूचा ठसा, नुसत्या शिशाचा करता येत नाही. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं, साच्यात सहज ओतता येतं. मात्र ते इतकं मऊ असतं की नखानंही ओरखडा उठतो. शिवाय गोठताना ते सुमारे साडेतीन टक्के आकसतं. मग रफाराची टोकं, वेलांटीचं वळण रेखीव कसं उतरणार?

उपाय अँटिमनीचा. ही ठिसूळ धातू गोठताना आकसण्याऐवजी किंचित फुगते आणि शिशाला कठीणपणा देते. कथिलामुळे रस पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो. अख्खी ओळ एकसंध ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्राच्या मिश्रधातूत साधारण 84 टक्के शिसं, 12 टक्के अँटिमनी आणि 4 टक्के कथील असे. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही: अँटिमनी एकटी 630 अंशांपर्यंत वितळत नाही, तरी हे मिश्रण 240 अंशांच्या आसपासच वितळतं, म्हणजे शुद्ध शिशाच्याही आधी. हाती जुळवायच्या खिळ्यांत अँटिमनी याहून जास्त घालत, कारण तेच खिळे पुन्हापुन्हा दाबाखाली जात.

झिजलेले खिळे वितळवून नवे पाडता येत. दर वेळी थोडं कथील आणि अँटिमनी मळीबरोबर निघून जाई, म्हणून ओतारी भट्टीत त्यांची भर घालत.