रात्रीची दवंडी

झोप न येणारा मनुष्य हल्ली मेलाटोनिनच्या गोळीची चौकशी करतो. हे द्रव्य म्हणजे झोपेचे औषध, अशी त्याची समजूत असते. ती तपासून पाहिली पाहिजे.

मेंदूच्या मध्यभागी पिनियल नावाची एक चिमुकली ग्रंथी आहे. गुरांच्या या ग्रंथीतून येल विद्यापीठाच्या आरन लर्नर यांनी १९५८ साली हे द्रव्य वेगळे काढले. ते अंधार पडल्यावर रक्तात वाढू लागते, मध्यरात्रीनंतर कळस गाठते आणि सकाळी ओसरते. पण रात्रभर हिंडणाऱ्या उंदरातही ते रात्रीच वाढते, आणि उंदीर तर तेव्हा जागा असतो! म्हणजे मेलाटोनिन केवळ ‘रात्र झाली’ अशी दवंडी पिटते. ती ऐकून निजायचे की हिंडायचे, हे ज्याच्या त्याच्या जातीवर अवलंबून.

प्रखर प्रकाशाने माणसात ही दवंडी थांबते, हे १९८० साली दिसून आले. घरातल्या साध्या दिव्यांनीही ती लांबते, हे पुढे कळले. झोप उडण्याची कारणे अनेक असतात, त्यांसाठी वैद्याकडे जावेच. परंतु निजण्यापूर्वी दोन तास दिवे मंद करून पाहावयास खर्च कोणता? दवंडीवाल्याचे तोंड आपणच दाबावयाचे आणि औषधाच्या दुकानी धाव घ्यावयाची, हा कोठला न्याय?